दुप्पट टाकी

शनिवार, ६ मे
घनाची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर घनफळ किती पट? — आठपट! दोन मिनिटांचा गृहपाठ. पण आमच्या वाएलदादाला कोण सांगणार? वेल्डिंगचा बादशहा ना तो! गच्चीवरची जुनी टाकी मीटरभर लांब, रुंद, उंच. त्याने नवी बनवलीय, प्रत्येक बाजू दुप्पट. "दुप्पट टाकी, दुप्पट पाणी!" काका म्हणतात, "सहापट रे! दोन-दोन-दोन सहा." धन्य ते घराणं!

रविवार, ७ मे
जुनीत एक टन पाणी. म्हणजे नवीत आठ टन! बरोबर खाली वाएलची खोली. सुहैरवहिनीला सातवा महिना, दिवसभर तिथेच आडवी असते. पुढेमागे वर मजला चढवायचा म्हणून बाबांनी सळया तेवढ्या ऐटीत वर काढून ठेवल्यात. स्लॅबला सिमेंट कमी पडलं होतं हे आईच सांगते.

जेवताना मी हे बोलले. वाएल म्हणाला, "हो का, इंजिनीअरबाई? आधी चहात साखर नीट घालायला शीक." सगळे हसले. बाबाही!

मंगळवार, ९ मे
वहिनीचं माहेर जेवायला. मन्सफच्या मटण-भाताच्या परातीपेक्षा टाकीचंच कौतुक. बाबांनी व्याह्यांना वर नेलं, पत्र्यावर थाप मारली — "माझ्या पोराच्या हातची!" मी म्हटलं, "बाबा, भरू नका." त्यांनी डोळे वटारले. सासऱ्यासमोर मुलाची मान खाली जायला नको ना! सुनेच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी चालेल. बहिरे. शेळपट.

बुधवार, १० मे
उद्या पाणी सुटणार, मग आठवडाभर नाही. वहिनीला म्हटलं, खाली माझ्या खोलीत ये. "तुझा दादा चिडेल गं." मरा मग!

रडले. कुणासाठी, देव जाणे.

गुरुवार, ११ मे
सकाळपासून पाणी चढतंय. सगळी गल्ली कपडे धुतेय आणि वाएल शिट्टी वाजवत दुकानावर गेला. गाढव! वर जाऊन बघतेच.

गुरुवार, दुपारी
टाकीत वीतभरच पाणी. तेवढ्याच उंचीवर पत्र्याला भोक, भोकातून नळी खाली अंगणातल्या हौदात. बाबा उकिडवे बसलेले, हातात ड्रिल.

"वीतभर, म्हणजे जुनीएवढंच. ठीक ना, पोरी? तू बोललीस तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही. वाएलला कळू देऊ नकोस."

नळी मी धरली, त्यांनी तार आवळली.