चिमट्यावरची रेघ

नाना, काल रविवारी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. पण ज्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही असं दुसरं माणूस मला आठवत नाही. जुन्नरच्या पेठेतलं तुमचं सायकलचं दुकान आता मोबाइलचं झालंय. मी घोडेगावला राहते, शाळेत गणित शिकवते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा जुन्या रेसिंग सायकली टांगून ठेवल्यात. सगळ्या पोलादी, बारीक नळ्यांच्या, वाकड्या हँडलच्या. गावातले लोक विचारतात, ‘बाई, भंगार कशाला गोळा करता?’ मी हसते आणि पुढं जाते. त्यातली पहिली तुमची हिरवी. मला शाळेची ऑर्डर मिळाली तेव्हा तुम्ही ती दिली होती, आठवतंय? पुण्याच्या कुणा रेसरची मोडीत निघालेली फ्रेम, त्यावर तुम्ही दोन महिने बसून एकेक पार्ट जमवला होता. देताना एवढंच म्हणालात, ‘उतारावर खाली उतरायचं. ढकलत न्यायची.’ मला हसू आलं होतं. रेसिंग सायकल द्यायची आणि वर उतारावर चालत जा म्हणून सांगायचं!

तुम्ही भित्रे होतात, नाना. तुमची लेक असून मला तुमची लाज वाटायची, हे आज लिहून टाकते. आपण दोघं लेण्याद्रीकडं निघालो की जरा उतार आला रे आला, तुम्ही सायकलवरून उतरायचा. मागून येणारे ओळखीचे लोक ओरडायचे, ‘काय राव, सायकलवालेच पायी चालले व्हय!’ तुम्ही नुसती मान हलवायचा. मला वाटायचं, याच माणसाच्या हातून अर्ध्या तालुक्याच्या सायकली नीट होऊन जातात आणि याचाच त्यांच्यावर भरवसा नाही. तुम्हाला लोखंडाच्या आतलं माहीत होतं म्हणून तुम्ही भीत होतात, हे कळायला मला स्वतःचा पान्हा हातात धरावा लागला.

दुकानातला तो दिवस मी विसरलेले नाही. मी बारावीला होते. एका दूधवाल्याची सायकल आली होती, दोन्ही बाजूंनी कॅन लावून तो रोज डोंगराकडच्या वाड्यांवरून दूध आणायचा. तुम्ही जेवायला घरी गेला होतात. मी पुढचं चाक धरणारा चिमटा घासून, पुसून, काळ्या रंगाचा हात मारून ठेवला. चाक जिथं बसतं त्याच्या वर, दोन पाय एकत्र येतात त्या माथ्याजवळ एक बारीक रेघ होती. मला ती दिसली होती. रंग लावल्यावर दिसेनाशी झाली. तुम्ही आलात, बोट फिरवलंत, आणि ब्लेड घेऊन माझा ओला रंग खरवडायला लागलात. दूधवाला समोर उभा. मग तुम्ही त्या जागी घासलेट चोळलंत, थोड्या वेळानं फडक्यानं कोरडं पुसलंत आणि वर खडूची पूड भुरभुरलीत. आपण तिघं त्या पांढऱ्या पुडीकडं बघत उभे होतो. हळूहळू आतलं घासलेट वर झिरपलं आणि पुडीत एक ओली, काळपट रेघ उमटली. केसाएवढी.

‘तुला दिसली व्हती का न्हाई?’

‘दिसली होती.’

‘मंग?’

तुम्ही आवाज चढवला नाहीत, हातही उगारला नाहीत. दूधवाल्याला म्हणालात, ‘पावणं, आज हिच्यावर बसायचं न्हाई. माझी न्या.’ आणि आठ दिवस तुम्ही पायी दुकानात आलात.

तेव्हापासून मी प्रत्येक सायकल तशी तपासते, नाना. घासलेट आता मिळत नाही, मी डिझेल वापरते. खडू शाळेतला. माझ्या सहाही सायकलींचे चिमटे, नळ्यांचे जोड, पायडलचे दांडे, सगळं त्या पांढऱ्या पुडीखालून गेलंय. सातवी सोडून.

सातवी दिवाळीनंतर मंचरच्या एका रिटायर्ड साहेबांकडून आणली. त्यांच्या माडीवर कित्येक वर्षं पडून होती. निळी, इतकी हलकी की दोन बोटांवर उचलली जावी. मी लेकीसाठी तयार करायला घेतली. ती पुण्यात नोकरी करते, तेवीस वर्षांची आहे, सुट्टीला आली की सायकल मागते. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. हात थेट तुमचे आहेत, छाती मात्र तुमची नाही. ती कशालाच भीत नाही. तिच्यासाठी मी जुनी जड चाकं काढून अॅल्युमिनियमची बसवली, मागं सात गिअर केले, आणि ब्रेक नवे घेतले. जुने ब्रेक नुसते कुरकुरायचे, सायकल थांबायची तिच्या मर्जीनं. नवे एका बोटानं लागतात. पण नव्या ब्रेकचा बोल्ट जाड, जुन्या चिमट्याच्या माथ्यावरचं भोक बारीक. ते ड्रिलनं मोठं करावं लागलं. गुरुवारी संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी ते केलं. ड्रिल बाहेर काढलं, फुंकर मारली, आणि भोकाच्या कडेपासून खाली जाणारी रेघ मला दिसली.

ड्रिल घसरल्याचा ओरखडा असेल, असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर तसं मी ठरवलं. सायकल इतकी सुंदर झाली होती आणि शनिवारी लेक येणार होती. तसला दुसरा चिमटा शोधायला वर्ष गेलं असतं. डिझेलची बाटली हाताच्या अंतरावर फळीवर होती. मी ब्रेक बसवला, बोल्ट आवळला. रेघ ब्रेकच्या मागं गेली.

काल सकाळी सहाला ती निघाली. भीमाशंकरपर्यंत चढून जायचं, दर्शन घ्यायचं आणि परत. सव्वानऊला तिचा मेसेज आला, ‘पोचले. आता सगळा उतार!’ हे मार्केटला गेले होते. मी शेड झाडायला घेतलं होतं. चिमटा पकडायच्या शेगड्याखाली गुरुवारचा ड्रिलचा बुरा तसाच पडला होता. केरसुणीनं ओढला तर चकचकीत वळ्यांमध्ये तांबूस भुकटी. मी खाली बसले, चिमटीत धरून बघितली. गंज होता. रंगावरचा नाही, भोकाभोवतीचा रंग तर मी आधीच खरवडून काढला होता. तो लोखंडाच्या आतून आला होता. म्हणजे ती रेघ गुरुवारची नव्हती, जुनी होती, पाणी आत जाऊन गंजण्याएवढी खोल होती, आणि मी तिच्यातूनच भोक पाडलं होतं.

फोन लावला. लागला नाही. वाटेतल्या तळेघरच्या अलीकडं पलीकडं रेंज नसतेच. पुन्हा लावला, पुन्हा लावला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ब्रेक जितका चांगला तितका चिमट्यावर जोर जास्त, आणि सगळ्यात जास्त जोर पोखरी घाटात, वळणाच्या तोंडाशी. तो ब्रेक मीच लावून दिलाय.

स्कूटर काढली तेव्हा पायात घरातल्या चपला होत्या. डिंभ्यापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. धरणाजवळच्या चहाच्या टपरीवर थांबले. म्हातारे टपरीवाले ग्लास विसळत होते.

‘बाबा, वाकड्या हँडलच्या सायकलवर एक मुलगी गेली का खाली? निळी सायकल?’

‘सकाळच्याला वर गेली की. लई जोरात व्हती.’

‘खाली आली का?’

‘न्हाई बा. म्या हितंच हाय, आली असती तर दिसली असती.’ मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, ‘काय झालं, बाई? पाणी घ्या, बसा.’

मी बसले नाही. घाट चढायला लागले. प्रत्येक वळणावर आधी कठड्याकडं नजर जायची, मग रस्त्याकडं. चौथ्या की पाचव्या वळणाच्या पुढं जीप आडवी उभी दिसली आणि पाच-सहा माणसं कडेला वाकून खाली बघत होती. स्कूटर स्टँडवर लावताही येईना. तशीच कठड्याला टेकवली आणि चालत गेले. त्यातला एक जण वळून म्हणाला, ‘काय नाय मॅडम, गाडी तापलीय. ह्यो पोरगा पाण्याची बाटली भरायला खाली उतारलाय.’ मी मान हलवली.

स्कूटर घेऊन आणखी वर गेले. आणि मग ती दिसली. दोन वळणं वर, निळी रेघ ओढल्यासारखी, अंग हँडलवर झोकून खाली येत होती. मी हात वर करायला गेले आणि तसाच अर्ध्यात थांबवला. आईला घाटात बघून ती काय करेल? दोन्ही ब्रेक करकचून दाबेल. या वेगात, या उतारावर, जागच्या जागी. मीच तिला पाडीन. ओरडायचं नाही, हात करायचा नाही, तिला थांबवायचंच नाही. आपल्या चालीनं ब्रेक लावत लावत येतेय तशी तिला खाली जाऊ द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मी स्कूटर कडेला घेतली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दरीकडं तोंड करून उभी राहिले. रस्त्याकडं पाठ. साखळीची किरकिर आधी आली, मग टायरचा आवाज, मग मागून वारा लागला आणि ती गेली.

मी वळले आणि तिच्या मागं निघाले. शंभरेक फुटांचं अंतर ठेवून, हॉर्न न वाजवता. त्या तापलेल्या जीपच्या बाजूनं ती सळकन निघाली. प्रत्येक वळणाआधी तिचा ब्रेक लागायचा, पुढचं चाक किंचित दबायचं, आणि माझी बोटं आपोआप स्कूटरच्या ब्रेकवर आवळायची. मी काय मागितलं, कुणाकडं मागितलं, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की वळणं मोजत होते आणि मध्येच आकडा चुकत होता. मी गणित शिकवते, नाना.

धरणाचं पाणी दिसायला लागलं, रस्ता सपाट झाला, आणि टपरीशी ती स्वतःच थांबली. पाय टेकून पाणी प्यायला लागली. मी पोचले तर हसत म्हणाली, ‘आई! म्हणजे मघाशी वळणावर तूच होतीस! मी हाक मारली की तुला.’

‘ऐकू नाही आली. वारा होता.’

‘पण तू इथं कशी?’

‘इकडं बिबट्या दिसलाय म्हणत होते. म्हटलं, एकटी आहेस.’

‘दिवसाढवळ्या? आणि तू स्कूटरवरून बिबट्याला हाकलणार होतीस?’ ती इतकी हसली की टपरीवालेही हसले. मग म्हणाली, ‘ब्रेक काय लागतात गं, आई! मी असल्या सायकलवर कधी बसलेच नव्हते.’

मी एक रिकामा पिकअप थांबवला आणि सायकल त्यात टाकली. लेक कुरकुरली, पण माझा चेहरा बघून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

घरी येऊन मी ब्रेक काढला. तिच्या समोरच डिझेल चोळलं, पुसलं, खडूची पूड टाकली. वाट बघावी लागली नाही. भोकापासून निघून रेघ माथ्याच्या कडेपर्यंत गेली होती. राहिला होता तो नखाएवढा भाग. एवढ्याशा लोखंडावर माझी लेक अख्खा घाट उतरली होती. तिनं त्या उरलेल्या भागावर बोट ठेवलं. मग बारीक आवाजात म्हणाली, ‘तळेघरच्या पुढं मी हात सोडून चालवत होते.’ आणि लगेच, ‘तुला हे कधी कळलं?’

‘सकाळी. तू गेल्यावर.’

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी करवतीनं चिमट्याचे दोन तुकडे केले, परत कुणाला वापरता येऊ नये म्हणून. आज पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला गेली. उरलेल्या सहाही सायकली मी भिंतीवरून खाली उतरवल्यात. एकीवरही बसायची हिंमत होत नाही, तुमच्या हिरवीवरसुद्धा. सगळ्या परत तपासणार आहे. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की मनात येतं पहिली नीट बघितली का. आज शाळेत फळ्याकडं वळताना हातात खडू होता आणि मला समोर दुसरंच काही दिसत होतं. मुलं वाट बघत बसली. ही भीती घेऊन तुम्ही रोज सकाळी दुकानाचं फळीचं दार उघडायचात, लोकांच्या सायकली लोकांच्या हातात द्यायचात. कसं जमत होतं तुम्हाला? मी कधी विचारलं नाही. तुम्ही असताना मला तो प्रश्नच पडला नव्हता.

गुरुवारचं तिला सांगेन की नाही, माहीत नाही. तुम्हाला सांगितलं, पण त्यात काही धाडस नाही, हे मला कळतं. हा कागद कुठं टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. घडी घालून वहीत ठेवीन, आणि कदाचित उद्याच फाडून टाकीन. म्हणून एक गोष्ट नीट लिहिते. वर मी लिहिलंय की तिनं ब्रेक दाबू नये म्हणून मी दरीकडं तोंड करून उभी राहिले. ते खरंच आहे. तिची हाक ऐकू आली होती, तरी वळले नाही, तेही त्याचसाठी. पण नाना, नुसती पाठ फिरवली असती तरी पुरलं असतं. मी डोळेही मिटून घेतले होते.