हिरव्या कार्डावरच्या दोन ओळी

ऋता,

तू इंजिनियरिंग सोडून इथल्या अमेरिकन आर्मीत गेलीस, तेव्हापासून मी तुझा फोन घेतलेला नाही. म्हणून हे पत्र. तेही बहुधा ड्रॉवरमध्येच राहील.

आज सेंट पॅट्रिक्स डे. शेजारच्या मॉरीनबाईंनी आम्हाला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये ओढूनच नेलं. सण आयरिश लोकांचा, पण तिथे दरवर्षी त्या दिवशी सैनिकांसाठी खोकी भरतात. सणाच्या रिवाजाप्रमाणे सगळे हिरव्या कपड्यांत, म्हणून तुझ्या आईने माझ्या गळ्यात तिची हिरवी ओढणी अडकवली. मी आपला कोबी-बटाटा खाल्ला आणि मोजे, कॉफीची पाकिटं भरत बसलो.

समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "तुमचं कुणी आहे का आर्मीत?"

मी "नो" म्हणालो. आपल्या मराठी मंडळातही मी हेच करतो, तू टेक्सासला आयटीत आहेस असं सांगतो. आईने हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि ती उठून दुसऱ्या टेबलावर गेली.

शेवटी प्रत्येकाला एक हिरवं कार्ड दिलं. कुणा अनोळखी सैनिकाला दोन ओळी लिहायच्या होत्या. मी इंग्रजीत लिहिलं, 'तुझ्या वडिलांना तुझा फार अभिमान वाटत असणार. त्यांना बोलता येत नसेल, एवढंच.' खाली नाव घातलं नाही.

तुमच्या बेसवर कुणाला ते कार्ड आलं, तर जरा मागून घे. अक्षर तू ओळखशील.

बाबा