आजींची किमची

१२ ऑक्टो., शनि.
लायब्ररीत कोरियनचा तिसरा वर्ग. मी सोडून सगळे विशीतले. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. निम्मी लढाई जिंकली. निखिल म्हणतो, "आई, मीना ट्रान्सलेट करेल ना, व्हाय बॉदर?" होणाऱ्या कोरियन सुनेच्या आजीशी सुनेच्या तोंडून बोलायचं? मला नाही पटत.

१९ ऑक्टो.
मीनाकडे जेवण. आजी चौऱ्याऐंशीच्या, इंग्रजी शून्य. बसायच्या आधी माझं वय विचारलं. अडुसष्ट, कोरियनमध्ये सांगितलं. पाठ थोपटली. बुसानच्या आहेत, आमच्या टीचरचं बोलणं सोलचं, फारच फरक. मी नागपूरची, दिली पुण्यात, सवय आहे. निघताना किमचीची, म्हणजे त्यांच्या कोबीच्या तिखट लोणच्याची, मोठी बरणी दिली, दोन्ही हातांनी.

२७ ऑक्टो.
बरणी अर्धी संपली. थालीपिठाबरोबर फर्मास. ह्यांनीही दोनदा मागून घेतली.

२ नोव्हें.
वर्गात किमचीची कृती वाचली. त्यात आंबवलेल्या मासळीचा रस. अडुसष्ट वर्षांत अंडंसुद्धा नाही, आणि पंधरवड्यात अर्धी बरणी मासळी. हे हसत सुटले. "चव कळली ना, आता कशाला रडतेस?" निखिल म्हणाला, "जस्ट डोन्ट टेल हर." म्हणजे जन्मभर बरण्या येणार आणि मी खोटं हसणार. नको. पण म्हातारी दुखावली तर? भीती वाटते आहे.

८ नोव्हें.
आजींना सांगायचं वाक्य पाठ करणं चाललंय. गाडीत, भांडी लावताना. हे कंटाळले.

९ नोव्हें.
बोलले. स्वतः. उरलेली किमची ह्यांनी संपवली; रिकामी बरणी कशी परत द्यायची, म्हणून लिंबाचं गोड लोणचं भरून नेलेलं. "किमची फार आवडली, पण मी मासे खात नाही." मीना मध्ये बोलायला गेली, तिला आजींनी हातानेच थांबवलं. मग मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "मग खाल्लीस कशी?" "माहीत नव्हतं." लोणचं चाखलं, बरणी आत नेली. राग की काय, चेहऱ्यावरून कळेना.

१७ नोव्हें., रवि.
आठवडाभर काही नाही. जीव टांगणीला. आज फोन, मीनाचा नाही, आजींचा. शनिवारी कोबी आणणार आहेत, मी मदतीला यायचं. एक बरणी माझ्यासाठी, मासळीशिवाय.
अशी आजवर कधी केली नाही म्हणाल्या. चव येईल का, त्यांनाच ठाऊक नाही.