लाल गाडीले जोडी

मंगळवार, २८ ऑक्टोबर

विक्की पुण्याले जातो म्हणते. जा म्हटलं. दार उघडंच हाय.

जेवताना सांगितलं, भातावर कढी ओतता ओतता. "आजी, मंडईच्या जत्रेत लग्नाचं जमलं तर जमलं. नाई तर मी चाललो कंपनीत." तीन ठिकाणून नकार आला. पोरगा शेती करते म्हटलं की पोरी पाण्याचा गिलासही आणत नाई. तिसऱ्या घरी तर आमची गाडी चढावर बंद पडली अन् पोरीच्या बापानंच धक्का मारला. धक्का मारता मारताच नाई म्हणाला.

पोराचे माय-बाप रायपूरले कामावर. घरात तो न् मी. अन् त्याच्या आज्यानं घेतलेली लाल गाडी — लाल म्हणजे कागदावर. उतारावर घोडी, चढावर बकरी.

मंडईले मार्कंडा गावाकडून वारलूभाऊ येणार, पोरीले घेऊन. मयुरी नाव. शिकलेली हाय म्हणते. तिले जमलं तर पोरगा इथी राहते, नाई जमलं तर जाते.

मले काय. एकटीले तांदूळ कमी लागते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

बैलाईले गाठीचा रोग आला. ढोराच्या डॉक्टरनं सांगितलं, बैल एका जागी जमवू नका. म्हणजे मंडईतला शंकरपट बंद. आमच्या गावात मंडईले नाटक नसलं तरी चालते, जिलेबी नसली तरी चालते, पण छकडीले दोन बैल जुंपून धावले नाई तर ती मंडई नाई, बाजार.

लटारू पटाच्या कमिटीचा अध्यक्ष. जवानीत नावाजलेला धुरकरी होता, त्याच्यासारखी जोडी कोणी हाकली नाई. आज पारावर बसून डोळे पुसून राह्यला. बायको गेली तवा कोरडे होते.

मंग जीपवाला चंदन म्हणाला, "काका, बैल नाई तर गाड्या धाववू. जुन्या-पुरान्या."

सारे हासले. मंग हळूहळू कोणीच हासेना. लटारूनं डोळे पुसणं थांबवलं.

"चालतीन गाड्या. पण कायदा पटाचाच. पट म्हणजे जोडी. एकटा बैल कधी पटात धावला का?"

"काका, गाडी एकटीच धावते."

"तुही धावत असन. माह्या पटात नाई."

ठरलं. दोन गाड्या, मधात सागाचं जू बांधायचं, अन् एका जोडीले एकच धुरकरी. शिकलेले लोक होते तिथी. मास्तर होता. कोणी तोंड उघडलं नाई. मास्तरनं तर जुवाची लांबी विचारली.

विक्की घरी आला तो उडतच. "आजी, वारलूभाऊ पटाचा पागल हाय. आपली जोडी पहिली आली तर तो माही शेती विचारनारच नाई."

इतक्या दिवसात पोट्ट्यानं पहिल्यांदा कामाची गोष्ट केली.

शनिवार, १ नोव्हेंबर

दिवसभर मोबाईल. जुनी गाडी कमी पैशात तेज कशी कराची ते त्यात एक पोट्टा सांगते. अंगात सदरा नाई, ज्ञान लय. विक्कीनं ऐकून ठरवलं — भोंग्यासारखा सायलेन्सर पाहिजे, अन् डिक्कीवर एक फळी पाहिजे.

"फळी काऊन?"

"हवेनं गाडी जमिनीले दबून राहते, आजी."

"मंग दोन पोते धान टाक. दबते."

संध्याकाळी सिंदेवाहीवरून मुश्ताक आला. त्याचं तिथी गॅरेज हाय, विक्कीच्या आज्यापासूनची ओळख. आमच्या जोडीले त्याची पांढरी गाडी जुंपायची ठरली. आधी तो लाल गाडीखाली गेला. पाय तेवढे बाहेर. बऱ्याच वेळानं निघाला.

"आजी, एअर फिल्टरमध्ये उंदराचा पूरा खानदान हाय. प्लग काळे. टायरमध्ये हवा नाई. तेल आहे का डांबर समजत नाई. अन् ब्रेक तो हैच नई. हे गाडी आजपर्यंत आपल्या आशीर्वादानं रुकत होती."

"माहा आशीर्वाद कोणाले लागत नाई," मी म्हटलं. "पुढचं सांग."

म्हणे फिल्टर साफ करा, प्लग बदला, ताजं तेल टाका, टायरमध्ये बरोबर हवा भरा, फालतू वजन काढा. एवढ्यानंच बकरीची घोडी होते. पण त्याच्या आधी ब्रेक.

रविवार, २ नोव्हेंबर

बटवा माह्याजवळ. फिल्टर, प्लग न् तेल झाल्यावर त्यात एकाच कामापुरतं उरते. भोंगा नाई तर ब्रेक.

विक्की म्हणे, "शर्यतीत ब्रेक कोण मारते, आजी?"

"अन् शर्यत सरली की? धानाच्या गंजीत घुसशीन का?"

"आवाज ऐकून लोक पाहतात."

"लोक मेलेल्यालेही पाहतात."

ब्रेक बसवाले सांगितले. पोट्ट्यानं रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी दोन्ही वेळचं जेवला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज पारावर गाड्याईची नोंदणी. मी मुद्दाम गेली. असं पाहाले भेटत नाई.

पटात बैलाचे दात पाहून वय न् गट ठरते. कायदा तोच, म्हणून लटारूनं आमच्या गाडीचं बोनट उघडलं अन् आत हात घातला. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं.

"दात दिसत नाई."

"गाडीले दात नसते, काका," विक्की म्हणे.

"दातच आले नाई म्हणजे गोऱ्हा. लिहा गोऱ्ह्याईच्या गटात."

आज्यानं घेतलेली गाडी, गोऱ्ह्यात. चंदनची जीप तर तिच्याहून बुढी, तीही गोऱ्ह्यात. सारे गोऱ्हेच निघाले. बैलाच्या गटात कोणी नाई.

मंग जनावराले नशा पाजली का ते तपासणं. लटारूनं पेट्रोलच्या टाकीले नाक लावलं, जोरात श्वास घेतला, अन् चक्कर येऊन खालीच बसला. "पाजलं हाय ह्याले," म्हणाला. लय समजवलं तवा त्याच्या डोस्क्यात शिरलं, का तो चारा होय.

शेवटचा लोचा मुश्ताकचा. जोडीले धुरकरी एकच — विक्की. मंग दुसऱ्या गाडीत बसला तो कोण? लटारूनं विचार केला. "धुरकरी नाई म्हणजे जोडीतला." अन् बैलाच्या रकान्यात नाव टाकलं — मुश्ताक, पांढरा.

मले वाटलं आता भांडण होते. पण मुश्ताक एवढा हासला का त्याले ठसका लागला. "घरवाली सुलताना तो रोज बोलती हैच बैल. आज कमिटीनं लिहून देलं. फोटो काढ रे विक्की, घरी दाखवतो."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गाडी हलकी करणं चालू हाय. डिक्कीतून दगड झालेलं सिमेंटचं पोतं निघालं. विळा निघाला, जो चोरीले गेला म्हणून मी शेजारच्या सोमारीसंग सहा महिने बोलली नाई. तिले सांगणार नाई. विक्कीच्या आज्याची चप्पलही निघाली. एकच. दुसरी कुठी ठेवली ते तोच जाणे. फेकली.

मागची सीट काढून ओसरीत ठेवली. कोंबडी तिच्यावर बसली अन् अंडं देलं. घरच्या टोपल्यात कधी देलं नाई वेळेवर.

विक्की आता मलेही निरखून पाहून राह्यला. मी कुठी गाडीत बसतो, माहं वजन काऊन मोजते?

रविवार, ९ नोव्हेंबर

सागाचं जू बांधून चाचणी घेतली. आमची पुढं तर मुश्ताकची मागं, त्याची पुढं तर आमची मागं. दोघाईच्या तोंडातून ज्या शिव्या निघाल्या त्यातल्या दोन मलेही नव्या होत्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मंडई झाली. पाय सुजले, पण लिहून झोपतो. उद्यापर्यंत हे खरं वाटणार नाई.

पाहुणे सकाळीच आले. वारलूभाऊ पांढऱ्या धोतरात, मिशीले तेल. पोरगी उंच, उन्हात डोळे बारीक करून पाहते, बोलते कमी. विक्कीनं तिच्यासमोर चहा आणला तो अर्धा बशीत. तिनं बशीतला पिला न् कप परत देला. आवडली मले.

धान कापलेल्या वावरात पट. आमच्यासमोर चंदनची जोडी — त्याची जीप न् साळ्याची डबडी. लटारूनं झेंडी पाडली. चंदनची जीप सुटली ती साळ्याच्या गाडीचा समोरचा बंपर न् जू घेऊनच. साळा जागेवरच. तो अजून हॉर्न वाजवून राह्यला होता, चंदन तिकडं लाईन पार.

आमची जोडी चालली. खरं सांगतो, बरोबरीनं चालली. लाल न् पांढरी, मधात जू, जशी वर्षानुवर्षाची जुंपलेली. लोक उठून उभे राह्यले. तेवढ्यात वारलूभाऊ पटात उतरला. हातात मोबाईल, व्हिडिओ काढत काढत उलट्या पावलानं चालून राह्यला, जोडी पूर्ण दिसाले पाहिजे म्हणून. थेट आमच्या गाडीसमोर.

विक्कीनं ब्रेक मारला.

लाल गाडी खुंट्यासारखी उभी. वारलूभाऊच्या धोतरात न् बोनटात एक वीत. पण मुश्ताक विक्कीच्या तोंडाकडं पाहून चालवत होता, धुरकऱ्याचा इशारा पाहिजे ना बैलाले! त्याले समोरचं काही ठाव नाई. तो चाललाच. मंग काय, मधात आमची लाल अन् तिच्याभोवती मुश्ताक, खळ्यावर धान मळताना बैल फिरते तसा गोल. जू मोडलं नाई. साग चांगला होता. थांबले तवा दोघाईचंही तोंड गावाकडं, पाठ लाईनीकडं. अन् वारलूभाऊ तसाच उभा, मोबाईल धरून.

मयुरी धावत आली. बापाले दंडाले धरून बाजूले ओढलं. मंग कमरेवर हात ठेवून ओरडली, "वळू नका! तसेच मागं घ्या दोघंही! लाईन मागं हाय!"

घेतल्या दोघाईनं रिव्हर्स. मागं जाताना साऱ्या गाड्या सारख्याच हळू, जोडी पहिल्यांदा खरी जुळली. बुडाकडून लाईन पार केली.

कमिटी भांडत बसली. चंदन आधी पोचला, पण जोडी वाटेत सोडून. तो बाद. आमची पोचली, पण उलटी. लटारूनं हात वर केला. "कायद्यात जोडी लिहिली हाय. तोंड कुठी पाहिजे ते लिहिलं नाई." पहिला नंबर. घुंगरमाळ बोनटावर बांधली अन् बैलाच्या खाण्याचं ढेपेचं पोतं देलं. मुश्ताकच्या गळ्यात हार. तो हार घालूनच सिंदेवाहीले गेला.

मयुरी माह्याजवळ येऊन बसली. "आजी, हे ब्रेक कोणी बसवले?"

"हात मुश्ताकचे. भांडण माहं."

तिनं बापाकडं पाहिलं. तो वरच्या आवाजात लटारूले सांगून राह्यला होता का व्हिडिओत फक्त बोनट आलं, माही मेहनत फुकट गेली. मंग तिनं विक्कीकडं पाहिलं. लय वेळ पाहिलं. तो गाडीचं घुंगरू सरळ करून राह्यला होता, उगीच.

जाताना ते लोक म्हणाले, हो का नाई ते फोनवर सांगतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

फोन नाई. विक्कीनं बॅग काढली. मी ती परत माळ्यावर टाकली, धूळ होती म्हणून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वारलूभाऊचा फोन आला. पोरगी हो म्हणते. विक्की अंगणात एवढा नाचला का कोंबड्या ओसरीत चढल्या.

मंग मयुरीनं फोन घेतला, मलेच मागितलं. "आजी, आधीच सांगतो, मंग भांडण नको. माही नोकरी पुण्याले हाय. पक्की हाय. लग्न झालं का ह्याईले तिकडंच नेतो."

चांगलं हाय म्हटलं. गाडी मात्र नेऊ नका म्हटलं.

मुश्ताकले फोन लावला. सोमवारी ये. काऊन, म्हणे, आजी, आता काय बिघडलं?

काही नाई. मले चालवाले शिकव.