सहाचा भोंगा साडेसहाला

शनवारा, बऱ्हाणपूर
ता. १२ जानेवारी १९५७

श्रीयुत सुधाकरराव जावईबापू यांस शालिग्रामचा नमस्कार.

भोपाळच्या थंडीत आपली प्रकृती ठीक असेल आणि चि. शारदा आपणांस वेळेवर जेवू घालत असेल (नसल्यास तिच्या आईला कळवू नये), अशी आशा आहे.

इकडे आपल्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज सकाळी सहाला थेंब घालायला सांगितले. आता कापसाच्या जिनिंग कारखान्याचा सहाचा भोंगा एकतीस वर्षं मीच देतो, हे आपणांस ठाऊक आहेच. (वरातीत आपला घोडा त्यानेच उधळला होता. त्याबद्दल पुन्हा माफी असावी.) दोन्ही एका वेळी कसं व्हावं? बाटली कारखान्यात न्यावी तर डोळा घरी राहतो.

म्हणून मॅनेजर गिरधरशेठना म्हटलं, महिनाभर साडेसहाला येऊ द्या. ते म्हणाले, "तू ये की. भोंगा सहाला झाला पाहिजे." मग भट्टीवरच्या कौतिककडे भोंग्याची दोरी सोपवली. "बाबा, फिकीर नका करू, मी आहे ना!" म्हणाला. त्या बोलण्यानेच मला घोर लागला. तो उशिरा उठणारा, म्हणून मी गुपचूप कारखान्याचं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. त्यालाही माझा स्वभाव ठाऊक. उशीर झाला तर बाबा बोलेल, म्हणून त्याने आणखी अर्धा तास आधीच दोरी ओढली. पाचलाच भोंगा झाला! सिंधीपुऱ्यापर्यंत चुली पेटल्या, दूधवाल्याला बायांनी उशिराबद्दल झापलं, मजूर भाकरी हातात घेऊन धावले. मीही भोंगा ऐकून थेंब घातले, म्हणजे तेही पाचलाच गेले. (डोळ्याला काही होणार नाही ना? तिकडे डॉक्टर ओळखीचे असल्यास विचारावं.)

घड्याळ मी लगेच मागे केलं, पण तासभर जास्त रुई निघाल्याने गिरधरशेठ खूष. "दोरी कौतिककडेच राहू दे. तू आरामात ये, नाही आलास तरी चालेल," म्हणाले. या शेवटच्या शब्दांनी मला अन्न गोड लागेना. नोकरी गेली तर या वयात कुठे जाऊ? मी म्हटलं, "सहाचा भोंगा मीच देतो, फक्त साडेसहाला."

"शालिग्राम, दिमाग ठिकाणावर आहे का?"

"अहो, सारं गाव माझ्या भोंग्यावर घड्याळ लावतं. मी देईन तेव्हाच सहा वाजतील."

त्यांनी खिशातलं घड्याळ काढून कानाला लावलं. मग म्हणाले, "काय ते लिहून आण. हिंदीत." राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून सगळ्यांना हिंदीच लागते, आणि माझी मराठीच तिसरीत थांबलेली.

बाकी सर्व क्षेम आहे. शारदेस आशीर्वाद.

आपला,
शालिग्राम

ता. क. जावयाकडे मागणं शोभत नाही, म्हणून वर लिहिलं नाही. पण अर्ज आपणच लिहून पाठवावा. दोरी माझी आणि वेळ साडेसहाची, दोन्ही यावं.

आणखी ता. क. थेंब मंगळवारीच बंद झाले. हे अर्जात घालू नये. एकतीस वर्षांत आम्ही दोघांनी सकाळचा चहा समोरासमोर बसून कधी घेतला नव्हता. गेले पंधरा दिवस घेतो आहे.

शेवटची ता. क. आपल्या सासूबाई शेजारी बसून लिहायला लावत आहेत की, ह्यांना सहालाच कामावर घ्यायला सांगा, चुलीपाशी बसून दूध किती, साखर किती, सारख्या ह्यांच्या सूचना चालतात. त्यांना वाचता येत नाही, पण खोटं कशाला बोलू, म्हणून लिहिलं आहे. आपण वाचू नये.