सहा ते सात मौन

२ फेब्रुवारी
काल झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर ती म्हणाली, तू आधी शांत हो, मग बोलू. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. नेमकं काय बदललं ते अजून कळलेलं नाही, पण बदललं.
भांडण साधंच होतं, प्रेमात होतं तसं. मी म्हणालो, कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. ती म्हणाली, प्रॅक्टिकलच्या सरांच्या अंगावर जर्नल फेकणं हे कुठलं तत्त्व. मी आवाज चढवला नव्हता. पलीकडचा न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला, तो त्याच्या कामाने.
ठरलं. बागकाम आणि मौन. मनाचा बॅलन्स मातीतून येतो, असं एका व्हिडिओत आहे. अर्धाच बघितला, नेट संपलं.

४ फेब्रुवारी
कुंड्या, माती, टोमॅटोचं बी. सगळं दादाच्या स्कूटरवरून आणलं. दादा म्हणाला, सीट पुसून दे. मी शांतपणे म्हणालो, पुसणार नाही.
रोज संध्याकाळी सहा ते सात मौन. बाल्कनीत स्टूल टाकून कुंड्यांकडे बघायचं. आईला बजावलं, या वेळात माझ्याशी कोणी बोलायचं नाही. आई म्हणाली, एरवी तरी कोण उड्या मारतंय तुझ्याशी बोलायला.

५ फेब्रुवारी
मौन सुरू केलं आणि खालच्या काकू ओरडल्या, वरून गढूळ पाणी त्यांच्या चादरींवर पडतंय. त्यांना मौनाचं महत्त्व समजावलं. वेळ लागला. निम्मी बिल्डिंग जिन्यात आली. शेवटी माझा घसा बसला, त्यामुळे रात्रभर आपोआप मौन. फायदाच झाला.

८ फेब्रुवारी
बी उगवत नाही. रोज उकरून बघतो. दादा म्हणाला, तुझं पांघरूण कोणी रोज असं ओढून बघितलं तर तू उठशील का रे. मी तसाही अकराला उठतो. याचा इथे काय संबंध.
तिला फोन केला नाही. चुकून लागला. नंतरचेही चुकूनच.

१३ फेब्रुवारी
उगवलं. बघितलं. काही वाटलं नाही. हाच बॅलन्स असावा. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग ओठ आपला असतो आणि नसतोही, तसं आतून सगळं.
मौन बरंच टिकलं. मग दादाने टीव्ही लावला. एक कुंडी गेली. ती आधीच तडकलेली होती, आणि मी भिंतीच्या दिशेने फेकली होती, भिंतीवर नाही.

१९ फेब्रुवारी
दोनच रोपं उरली. खत. पाकिटावर चिमूटभर लिहिलंय, मी मनापासून घातलं.
पण राग कमी होतोय. जेवताना आईने विचारलं, कॉलेजचं काय ठरवलंस. पूर्वी ताटावरून उठून गेलो असतो. आज उठलो, पण गेलो नाही. आई म्हणाली, मग उभा का आहेस. उभ्यानेच जेवलो.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसात
यश. पहिल्यांदाच पूर्ण तास मौन पाळलं, तेही कसोटीच्या वेळी. ती आली. थेट बाल्कनीत. म्हणाली, दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय, परवा सकाळी निघायचं, आज रात्री त्यांना कळवायचंय. म्हणाली, तू थांब म्हणालास तर थांबते, इथे बघेन काहीतरी, पण तोंडाने म्हण.
बोलणं फार सोपं होतं. नाही बोललो. सात वाजायला थोडाच वेळ होता. बाल्कनीतून घराचं दार समोर दिसतं, त्याच्या वर घड्याळ आहे. चेहरा शांत ठेवून तिकडे बोट केलं. ती आधी बोटाकडे बघत राहिली, मग तिकडे. म्हणाली, बरं. आणि गेली. समजूतदार आहे.
मी किती बदललो ते तिला दिसलंच असेल. आता ती फोन करेल. सातनंतर मी मोकळाच असतो.

२५ फेब्रुवारी
फोन नाही. विचार करत असेल. घाई करायची नाही. सगळंच उकरून बघायचं नसतं. हे मला आता कळतं.

२६ फेब्रुवारी, सकाळ
आईने उठवलं. म्हणाली, तिच्या आईचा फोन होता, पोरगी आठच्या गाडीने गेली. म्हणे तुमच्या मुलाने बोटाने दार दाखवलं. मी म्हणालो, घड्याळ दाखवलं. आई म्हणाली, कुठलं घड्याळ. म्हणालो, दारावरचं. आईने तिकडे बघितलं. दादानेही बघितलं. दादा हसला नाही.
तिचा फोन बंद. नऊ वाजून गेलेत.
खुर्चीला लाथ मारायला पाय उचलला, परत खाली ठेवला. राग येतच नाहीये. काहीच येत नाहीये. आई दोनदा माझ्या कपाळाला हात लावून गेली.
स्टँडवर जातो. आई म्हणाली, आता तिथे कोण आहे. कोणी नाही. दादाने न विचारता स्कूटरची किल्ली पुढे केली. नको म्हणालो, चालत जातो. आई म्हणाली, जा, पण दार लावून घे, वाऱ्याने घरभर माती होते.
चप्पल घातलीय. वही ठेवतो, निघतो, दार लावतो.