वस्तीतून गेलेली हद्द

८ एप्रिल, सोमवार
मनपाच्या ऑफिसात प्रभागरचनेचा मसुदा पुन्हा टाइप केला. मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीची हद्द डांबरी रस्त्यावरून होती. आज साहेबांनी लाल पेनानं दुरुस्ती करून दिली : हद्द नाल्यावरून. म्हणजे वस्तीच्या मधोमध. आमचं घर एका प्रभागात, काकूचं दुसऱ्यात. विचारलं, चुकून झालं का? "तू टाइप कर." केलं. स्वतःच्या हातानं.

१० एप्रिल
मसुदा भिंतीवर लागला.
संभाजीनगर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं, वस्ती मनपात गेली. पहिल्या निवडणुकीत मतं फुटली, प्लॉटिंगवाला निवडून आला. पाच वर्षांत एकदा दिसला. पुढच्या वेळी सगळी वस्ती एक झाली आणि मेंढरं राखणारी आमची काकू नगरसेवक झाली. पाइपलाइन रस्त्यापर्यंत तिनं आणली. नळ घरात यायच्या आत मुदत संपली. आता वस्ती अर्धी केली, की आमचं माणूस परत निवडून येत नाय. नकाशा काढणाऱ्याला हे कळत नाय, असं मला कुणी सांगू नये.

१३ एप्रिल
टँकर आज पाचव्या दिवशी. चारा नाय म्हणून काका मेंढरं घेऊन सिल्लोडकडं गेलेत. काकू एकटीच. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "नजरचुकीनं झालं असंल."
"नाय काकू. आधी हद्द रस्त्यावरूनच होती."
हरकतीचा अर्ज मी लिहिला, सही तिची.

२४ एप्रिल, बुधवार
सुनावणी. मी कोपऱ्यात, नोंदी टाइप करायला.
साहेब : "बाई, नाला ही नैसर्गिक हद्द आहे."
काकू : "तीन उन्हाळे नाला कोरडा आहे, साहेब. हंडे घेऊन आम्ही त्यातनंच जातो."
मग अर्ज चाळून त्यांनी विचारलं, "आधीचा मसुदा तुम्हाला कुणी दाखवला?"
काकूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. "पाच वर्षं नगरसेवक होते. कागद कळतात मला."
मी खाली मान घालून टाइप करत राहिले. लाज वाटली. लई वाटली.
घरी हे म्हणाले, "गप बसलीस ते बरं केलंस. कंत्राटी नोकरी आहे." मी जेवले नाय.

२६ एप्रिल
आधीचा मसुदा बाहेर कसा कळला, म्हणून आम्हा तिघी ऑपरेटरांना लेखी खुलासा मागितलाय. सोमवारपर्यंत. बाकीच्या दोघींना काहीच माहीत नाय. एक दुपारभर रडत होती. ज्यानं हद्द हलवली त्याला कुणी खुलासा मागत नाय.

२९ एप्रिल, सोमवार
खुलासा दिला. 'आधीचा मसुदा मी टाइप केला होता. हद्द बदलल्याचं वस्तीला मीच सांगितलं. ती कुणाच्या सांगण्यावरून बदलली, ते कार्यालयानं सांगावं.' आवक शिक्का मारून पोच घेतली.
साहेबांनी उभ्यानंच वाचला. म्हणाले, "जाग्यावर जाऊन बस."
काम दिलं नाय. संध्याकाळपर्यंत बंद कॉम्प्युटरसमोर बसून होते. अंतिम नकाशा अजून यायचाय. उद्या वेळेवर जाणार.